मुंबईला सहल नेताय, तर भरतीची वेळ बघून न्या

प्रति,
सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, सहल विभागप्रमुख आणि भूगोलाचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांत सहलीची गडबड सुरू होते. पालकांची संमतीपत्रं, वरून यायची परवानगी, एसटीचा प्रासंगिक करार आणि ‘यंदा कोकण की मुंबई’ यावर शिक्षकांच्या खोलीत रंगणारा वाद. मुंबई ठरली तर पुढचं सगळं पाठच असतं. रात्री निघायचं, पहाटे पोहोचायचं, सिद्धिविनायक, राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, जुहू, वेळ उरला तर वॉटर पार्क, आणि परतीच्या वाटेवर निम्मी गाडी ओकत असते. भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली. अशा कितीतरी सहलींत हजेरीची वही हातात घेऊन पोरं मोजत फिरलोय. त्या सहलींत मुलांना मुंबई दिसली, पण ती तिथे का आहे आणि तशी का आहे, हे आम्ही कुणी दाखवलं नाही. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं थोडक्यात असं. समुद्र बुजवून केलेली जमीन, तिच्यावरची दमट हवा आणि त्या हवेपायी आपल्या घाटमाथ्याशी जुळलेला तिचा संबंध हे आठवी-नववीच्या पोरांना मुंबईत एका दिवसात डोळ्यांनी दाखवता येतं. त्याला जादा वर्गणी लागत नाही. तारीख विचार करून धरावी लागते आणि गाडीचा रस्ता थोडा बदलावा लागतो, एवढंच.

तारखेपासून सुरुवात करू. आपल्याकडे सहलीची तारीख ठरते ती गाडी कधी मिळते आणि घटक चाचणी कधी संपते यावर. त्यात पंचांग आणा. किनाऱ्यावरच्या माणसांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती भरते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला पुन्हा बाराच्या आसपास. मुंबई बंदराला हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं लागू पडतो, आणि नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, तेवढ्यानंच पुन्हा भरती. हे गणित वर्गात फळ्यावर करून घ्या. पाऊणपट म्हणजे काय हे विसरलेली मुलंसुद्धा त्या दिवशी करतील, कारण त्यांच्या सहलीचा प्रश्न आहे.

आता पौर्णिमेची किंवा अमावास्येची तारीख धरली तर काय होतं बघा. रात्री साताऱ्याहून सुटलेली गाडी सकाळी सातच्या आत-बाहेर वरळीत पोहोचते. त्या वेळी ओहोटी असते. हाजी अलीपाशी काळे खडक उघडे पडलेले दिसतात, खडकांतल्या डबक्यांत खेकडे, आणि दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याच्या बरीच वर. तीच मुलं दुपारी साडेबाराला पुन्हा त्याच जागी उभी करा. खडक गेलेले असतात आणि पाणी वाटेच्या अंगाला येऊन लागलेलं असतं. मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, पावसाळ्यातल्या उधाणाला तर ही वाटच पाण्याखाली जाते. पाण्यात कुणाला उतरवायचं कारण नाही, कठड्याच्या आतूनच सगळं दिसतं. घाटावरच्या मुलांना पाणी वाढतं ते पावसानं किंवा धरणातून सोडल्यावर, एवढंच माहीत असतं. निरभ्र आकाशाखाली, थेंबभर पाऊस नसताना, सहा तासांत पाणी इतकं चढतं हे त्यांनी पाहिलं की मुंबईचा पुढचा सगळा इतिहास सांगायला सोपा जातो.

कारण तो इतिहास याच पाण्याशी केलेल्या कुस्तीचा आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं. भरतीला ती सुटी व्हायची, ओहोटीला मधे चिखल. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं, तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई इंग्लंडकडे गेली. राजाला तिचं काय करावं कळेना, म्हणून १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. हुंड्यातलं बेट भाड्यानं गेलं असं सांगितलं की मुलं हसतात आणि सनावळी लक्षात ठेवतात. तेवढी पुरे. गव्हर्नरांची नावं पाठ करून घेऊ नका.

पण एका गव्हर्नराचं नाव मात्र सांगाच, विल्यम हॉर्नबी. वरळी आणि मुंबई या बेटांच्या मधे मोठं खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत घुसायचं आणि आजचा भायखळा, कामाठीपुरा पार करत पायधुणी-उमरखाडीपर्यंत पसरायचं. बेटांच्या मधला सगळा सखल भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली. हॉर्नबीच्या कारकिर्दीत हे खिंडार बांध घालून बंद केलं, आणि १७८४ मध्ये ते काम पुरं झालं. बांध सारखा ढासळायचा. मग पाठारे प्रभू असलेल्या रामजी शिवजी यांच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती खाडीच्या तळाशी आहेत म्हणाली, त्या वर काढल्यावर बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच सांगा, पण सांगा जरूर. तो बांध म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. आपल्या सहलीच्या गाड्या हाजी अलीवरून महालक्ष्मीला जाताना त्याच्यावरूनच जातात आणि आत पोरं अंताक्षरी खेळत असतात. तिथे एकदा गाणं थांबवा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेसकोर्सचं सपाट मैदान. मैदान इतकं सपाट का, हे मुलांनाच विचारा. सकाळचे खडक पाहिलेला एखादा तरी बरोबर उत्तर देईल.

त्यानंतरचे बांध भराभर सांगितले तरी चालतील. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, कुलाब्याचा १८३८ चा, माहीमचा १८४५ चा, आणि तो जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून झाला. बॅकबे, म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा यांच्या मधला समुद्र, तिथल्या भरावाचं प्रकरण मात्र नववीच्या वर्गाला रंगवून सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपला कापूस सोन्याच्या भावानं उचलला. मुंबईत इतका पैसा आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या भावानं गेले. तोच भराव १९२० च्या दशकात सरकारनं पुन्हा हाती घेतला, खर्च हाताबाहेर गेला, के. एफ. नरिमन यांनी तो घोळ चव्हाट्यावर आणला. भरावाच्या त्या कडेवर आज मरीन ड्राइव्ह आहे. पुढच्या भरावावर नरिमन पॉइंट आहे. ज्यांनी तक्रार केली त्यांचंच नाव समुद्र बुजवून केलेल्या जमिनीला मिळालं, हा मुंबईचा स्वभाव. आणि हे काम थांबलेलं नाही. २०२४ मध्ये खुला झालेला किनारी रस्ता वरळी-हाजी अलीच्या कडेनं असाच भराव टाकून केलाय.

पाणी बाहेर काढलं तरी जमिनीची उंची काही वाढत नाही. जिथे पूर्वी खाड्या होत्या तो भाग आजही बशीसारखा खोलगट आहे. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, दारं बंद करावी लागतात, पाऊस आतच साठतो आणि तो पंपानं उपसून फेकावा लागतो. बातम्यांत दर पावसाळ्यात परळचा हिंदमाता परिसर का दिसतो याचं उत्तर सकाळी वरळीत पाहिलेल्या समुद्रात आहे. पलूस, वाळवा, मिरज भागातल्या शिक्षकांनीही हे पत्र वाचावं असं वाटतं, कारण त्यांच्या मुलांना हे समजावायला वेळच लागणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे ती मुलं लहानपणापासून वाचतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांवर गेली होती. कृष्णेचा पूर चढायला आणि उतरायला दिवस लागतात, मुंबईचं पाणी पुढच्या ओहोटीची वाट बघतं. हा फरक वर्गात काढून घ्या.

२६ जुलै २००५ हा दिवस तर धड्यासारखा शिकवता येतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या माण तालुक्यात साधारण दोन वर्षांत पडतो तेवढा. आणि त्याच चोवीस तासांत पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एवढी तफावत! पर्जन्यमापकाचा आकडा हा त्या ठिकाणचा आकडा असतो, अख्ख्या गावाचा नसतो, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. या दोन आकड्यांनी ते एका मिनिटात पटतं.

आता हवेचं. मुंबई समुद्रसपाटीला, सातारा सुमारे सातशे मीटरवर, महाबळेश्वर तेराशे सत्तरच्या आसपास. तिन्ही ठिकाणं अक्षांशाच्या हिशेबानं एकमेकांपासून फार दूर नाहीत. मुंबईच्या जानेवारीत आणि मे महिन्यात दुपारच्या तापमानाचा फरक आपल्या मानानं किरकोळ असतो, कारण शेजारी समुद्र आहे. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. मे महिन्यात साताऱ्याचा पारा मुंबईच्या वर असतो, तरी साताऱ्याचा माणूस मुंबईत जाऊन घामानं हैराण होतो. तिथे घाम वाळत नाही, हे त्यामागचं सगळं शास्त्र. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा येतो आणि पारा धरून ठेवतो. मार्चमध्ये मात्र कधी कधी पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रवारा उशिरा सुटतो आणि मुंबई चाळिशीला टेकते. तो पूर्वेचा वारा येतो आपल्याकडून, दख्खनच्या तापलेल्या पठारावरून. मुंबईकर त्या दिवशी शिव्या देतात तेव्हा त्यातला थोडा वाटा माण-खटावच्या माळरानांनी घ्यायला हरकत नाही.

पावसाचा हिशेब याच्या उलटा. नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो. मुंबईला तो वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस देतो. पुढे सह्याद्रीची भिंत लागते, वारा वर चढतो, थंड होतो आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे ओततो. तिथून पाचगणी वीस किलोमीटरसुद्धा नाही, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. वाईला आणखी कमी, साताऱ्याला हजाराच्या आसपास, दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आत-बाहेर. एकाच जिल्ह्यात इतक्या कमी अंतरात पाऊस दहा पटींनी उतरलेला आपल्या मुलांच्या घरातच आहे. आजोळ मेढ्याला आणि घर म्हसवडला, अशी मुलं दर वर्गात सापडतात. त्यांना मुंबईचा आकडा मधे ठेवून द्या, तक्ता आपोआप पुरा होतो.

इंग्रजांना ही हवा सोसवेना. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, अशी मुंबईबद्दलची म्हण सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्यानं नोंदवून ठेवली आहे. नारळाच्या मुळाशी खत म्हणून घालतात त्या मासळीच्या वासानं ताप येतो असं त्यांना वाटे, आणि त्यावर बंदीही घातली गेली. डासांचा संबंध कळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. मधल्या काळात साहेबांनी सोपा उपाय काढला, उन्हाळ्यात मुंबई सोडायची. आणि ती सोडून जायची जागा आपल्या जिल्ह्यात सापडली. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२९ मध्ये, त्यानं प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं, बदल्यात आपल्याच जिल्ह्यातलं खंडाळा गाव दिलं. पुढे मुंबई सरकारचं वर्षाचं वेळापत्रकच ठरून गेलं. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, थंडीत मुंबई. गव्हर्नर, त्याचे सचिव, कारकून, दप्तरं, सगळं घाट चढायचं आणि उतरायचं. महाबळेश्वरच्या पॉइंटांना एल्फिन्स्टनचं, लॉडविकचं नाव, एक तर थेट बाँबे पॉइंट. आपण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला आणि घोड्यावर बसायला जातो. मुंबईच्या हवेमुळे हे गाव वाढलं, हे तिथल्या एकाही सहलीत सांगितल्याचं मला आठवत नाही. माझं तर मत आहे की मुंबईची सहल नेण्याआधी पंधरा दिवस त्याच मुलांना महाबळेश्वरला न्यावं. क्षेत्र महाबळेश्वरात कृष्णा आणि सावित्री दोघी दाखवाव्यात. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्र गाठते. कृष्णा समुद्र पासष्ट-सत्तर किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत आपल्याला, कऱ्हाडला, सांगलीला पाणी पाजते.

साताऱ्याची आणि मुंबईची गाठ त्याआधीचीही आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. मराठ्यांच्या भीतीनं खणलेला म्हणून त्याला मराठा खंदक असंच म्हणत. त्याच वर्षी कंपनीनं कॅप्टन गॉर्डनला बोलणी करायला छत्रपती शाहू महाराजांच्या भेटीसाठी साताऱ्याकडे धाडलं. मुंबईच्या कोट परिसरातून फिरताना हे सांगितलं तर शाहूनगरीतल्या पोरांची मान जरा ताठ होईल. तो कोट पाडला गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, १८६० च्या दशकात. फ्रियर १८४८ मध्ये, अप्पासाहेब महाराज वारले आणि राज्य खालसा झालं तेव्हा, साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी होता. आपलं राज्य गुंडाळण्याचा कारभार पाहणारा माणूस पुढे मुंबईच्या भिंती पाडायला गेला. फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं होतं. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे, १ मे १९६० आणि पहिले मुख्यमंत्री म्हणून कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण हे सगळं त्या एका चौकात उभं राहून सांगता येतं. सहलीचा कार्यक्रम आखताना तो चौक बहुतेक वेळा ‘खिडकीतून दाखवू’ या यादीत असतो.

कष्टकऱ्यांची मुंबई तर आपल्या घराघरात आहे. तिथली पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांची, १८५० च्या दशकातली. पुढे लालबाग-परळचं गिरणगाव झालं. दमट हवेत सूत कमी तुटतं, त्यामुळे जी हवा साहेबाला नकोशी होती ती गिरणीला मानवली. कोकणातली आणि घाटावरची माणसं गेली, त्यांत पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव, शिराळा इथली गावंच्या गावं. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि गावाकडे मनीऑर्डर करायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातून हे जग परत उठलं नाही. बाजारात डोक्यावर, पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना संघटनेत आणणारे अण्णासाहेब पाटील आपल्या पाटण तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा त्या चळवळीतून आला. वर्गात विचारा, कुणाचे आजोबा गिरणीत किंवा गोदीत होते? हात वर येतील. त्या आजोबांना सहलीआधी एक तास शाळेत बोलवा. माझ्या मते हा तास वॉटर पार्कपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहील, आणि त्याचं तिकीटही नाही.

दाटीची हीच वस्ती रोगाला बळी पडली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक गाव गाठायला पळाले आणि त्यांच्याबरोबर प्लेग घाट चढून आपल्याकडेही आला. जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाबाहेर झोपड्या टाकून राहिल्याच्या गोष्टी येतात, त्या याच काळाच्या. मुंबईत त्यानंतर १८९८ मध्ये सुधारणा मंडळ निघालं. त्यानं जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट तर पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा म्हणून काढलेला. रस्ता वाऱ्यासाठीही आखतात, हे ऐकून आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, मग आपल्या गल्ल्या कुणी आखल्या? त्याला उत्तर मी दिलं नाही.

आणि कोयना. आपल्या पाटण तालुक्यातलं शंभर टीएमसीहून मोठं धरण, तिचं बरंचसं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं जातं, वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला जातं. पूर्वेला वाहणारी नदी माणसानं उलटी वळवली ती त्याच कड्यामुळे, ज्या कड्यानं पाऊस पाडला. मुंबई आणि राज्यातले कारखाने या विजेवर वाढले. त्यासाठी आपल्या खोऱ्यातली गावं उठली, त्यांतल्या कित्येकांच्या पुनर्वसनाच्या फायली अजून चालूच आहेत. रात्री मरीन ड्राइव्हचे दिवे दाखवताना हे सांगणं राहून जाऊ नये.

कुलाब्याच्या वेधशाळेचं तेवढं सांगतो. १८२६ मध्ये कंपनीनं ती काढली. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणीही चालायची. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर त्या नाजूक उपकरणांना धक्का बसेल म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. पाऊस-वाऱ्याच्या नोंदी कुलाब्यातच राहिल्या. रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहायची ही शिस्त आपल्या शाळांतही चालू शकते. कित्येक शाळांकडे पर्जन्यमापक मिळालेला असतो. तो बहुधा विज्ञानाच्या कपाटावर धूळ खात असतो, हे मी पाहिलंय.

दगडासाठीही थोडा वेळ ठेवा. अजिंक्यताऱ्याचा काळा खडक आणि मलबार हिलचा काळा खडक एकाच लाव्हाच्या कुळातले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कधीकाळी तळी होती, त्यांच्या गाळात वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले. हे सांगायला चौपाटीवर नाही, पायथ्याशी खडकासमोर उभं राहावं लागतं, म्हणून हँगिंग गार्डनची वेळ थोडी कापा.

तेव्हा मागणी अशी. येत्या सहलीत तारीख पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे धरा. सकाळी ओहोटीला हाजी अली, मग लाला लजपतराय मार्गावरून महालक्ष्मी, तिथून परळ-लालबागमधून एक फेरी, कोट आणि हुतात्मा चौक, भरतीला परत हाजी अली, नंतर वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. गेटवे वगळा असं मी म्हणत नाही. १९११ मध्ये राजा आला त्याची आठवण म्हणून बांधायला घेतलेला आणि १९२४ मध्ये पुरा झालेला तो दरवाजा. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटचे इंग्रज सैनिक त्याच्यातूनच बाहेर पडले. पाच मिनिटं हे सांगून मग फोटो काढा. जुहू आणि वॉटर पार्क मात्र कापा. मुलं कुरकुरतील, काही पालकही विचारतील. त्यांना सांगा, पोहणं आणि भिजणं कुठेही होतं.

अडचणी मला माहीत आहेत. गाडीला चालकाचे तास बांधलेले असतात, मुंबईत मोठी गाडी उभी करायला जागा मिळत नाही, साठ मुलांमागे तीन-चार शिक्षक, आणि वरून प्रत्येकाची जबाबदारी. म्हणूनच थांबे कमी ठेवलेत. भूगोलाच्या शिक्षकानं आधी एकट्यानं जाऊन रस्ता बघून यावा आणि शाळेनं त्याचा प्रवासखर्च द्यावा. हा खर्च देताना संस्था खळखळ करतात, तर तो सहलीच्या वर्गणीत पहिल्यापासून धरा.

जुन्या बेटांचा आणि आजच्या रस्त्यांचा एकावर एक ठेवता येईल असा ट्रेसिंग कागदावरचा नकाशा मी हातानं काढून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा असेल तिनं शिपायाकरवी कागद पाठवावा, झेरॉक्स काढून देईन. पौष पौर्णिमेला साधायचं असेल तर गाडीची मागणी डेपोत आत्ताच करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सातारा